गाणं कुणाचं, चित्र कुणाचं?

आज बचतीचा विषय नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज शाळेतल्या गाण्याविषयी आणि चित्राविषयी बोलायचं आहे. गटाच्या कार्यक्रमात हे कुठून आलं, असं कुणाला वाटेल. तर ते गटाच्या बैठकीतूनच आलं.

एका गावातल्या बैठकीत पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एक ताई म्हणाली, ‘मॅडम, कर्जाचं राहू द्या, आमच्या पोरींचा नाच बंद झालाय त्याचं बघा.’ शाळेचं गॅदरिंग सहा आठवड्यांवर आलेलं. चौथी-पाचवीच्या मुली सिनेमातल्या एका कोळीगीतावर नाच बसवत होत्या. आदल्या वर्षीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ कुणीतरी नेटवर टाकला होता. त्याचा आवाज बंद झाला आणि खाली संदेश आला, की गाण्याचा कॉपीराइट दुसऱ्याचा आहे. झालं. यंदा शाळेने ठरवलं, गाणी नकोत, नाच नको, फक्त भाषणं आणि बक्षिसं. चित्रकलेचे सर तर इतके धास्तावले, की एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना नमुन्याची चित्रं झेरॉक्स करून द्यायचे, तेही बंद केलं. मुलांनी बघायचं काय? फळ्यावर सर काढतील तेवढंच.

आपल्यातल्या कित्येकींना शाळेत असताना स्टेजवर चढायला मिळालं नाही. आपल्या मुलीला मिळावं म्हणून आई रात्री जागून घागऱ्याला लेस लावते. ते एका मोबाइलवरच्या संदेशामुळे थांबावं, हे मला काही पटलं नाही.

मी वकील नाही, बी. ए. झालेली बाई आहे. पण कायदा वाचायला वकीलच व्हावं लागतं असं नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीत एक वकीलताई बसतात, त्यांच्याबरोबर बसून मी तो कायदा समजून घेतला. जाता जाता सांगते, बाईला विधी सेवेचा मोफत सल्ला मिळतो, तिचं उत्पन्न किती ते बघत नाहीत. हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी आधी हेच लिहून घ्या.

तर कॉपीराइट म्हणजे काय? एखाद्या माणसाने गाणं लिहिलं, चाल लावली, चित्र काढलं, गोष्ट लिहिली, तर ते छापायचा, विकायचा, सगळ्यांसमोर सादर करायचा हक्क आधी त्याचा. शेत जसं सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावावर असतं, तसंच हे. फरक एवढाच की याला तलाठ्याकडे जावं लागत नाही. चित्र कागदावर उतरलं की हक्क तयार झाला. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करता येते, चित्राची किंवा कवितेची फी ५०० रुपये आहे. ती पुराव्याला उपयोगी पडते, पण सक्तीची नाही. आणि शेतासारखा हा हक्क पिढ्यान् पिढ्या चालत नाही. त्याला मुदत आहे. ती मुदत पुढे सांगते, कारण आपल्या गाण्यांच्या दृष्टीने ती फार कामाची आहे.

आपला कायदा १९५७ सालचा आहे. त्यात कलम ५२ आहे. हे कलम म्हणजे कुंपणातलं फाटक समजा. कोणत्या कामासाठी परवानगी न मागता आत जाता येतं, त्याची मोठी यादीच तिथे दिली आहे. त्या यादीत शिक्षक आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात एखाद्या पुस्तकाची, चित्राची, गाण्याची नक्कल केली, तर तो हक्काचा भंग होत नाही. प्रश्नपत्रिकेत एखादा उतारा किंवा चित्र दिलं, मुलाने उत्तरात ते उतरवलं, तरी नाही. म्हणजे आमच्या चित्रकलेच्या सरांनी एखाद्या मोठ्या चित्रकाराचं चित्र झेरॉक्स करून वर्गात वाटलं, ‘ही सावली बघा, हा रंग बघा’ म्हणून दाखवलं, मुलांनी ते बघून आपापल्या वहीत काढलं, तर त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. चित्रकला तशीच शिकवली जाते. बघितल्याशिवाय हात वळत नाही, हे रांगोळी काढणाऱ्या बाईला मी काय सांगू!

यावर एक खटलाही झालेला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. प्राध्यापक वेगवेगळ्या पुस्तकांतली लागणारी प्रकरणं सांगायचे, दुकानदार ती झेरॉक्स करून, बांधून मुलांना द्यायचा. २०१२ साली तीन मोठ्या विदेशी प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. पुस्तकं हजारोंच्या किमतीची, आणि मुलं गावाकडून आलेली. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. प्रकाशक वरच्या खंडपीठाकडे गेले, तिथे डिसेंबरमध्ये निकाल लागला. खंडपीठाने म्हटलं, की पानं किती घेतली हे मोजत बसू नका, शिकवण्यासाठी तेवढ्याची गरज होती का ते बघा. तो अभ्यासक्रमाला लागणारा मजकूर होता का, एवढा मुद्दा तपासायला खटला परत खाली पाठवला होता, पण २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. तेव्हा कुणी विचारलं की किती पानं चालतात, तर गरजेपुरती चालतात.

इथे एक गैरसमज आहे तोही काढून टाकते. मोबाइलवर फिरतं, की गाण्याचे तीस सेकंद वापरले तर चालतं, पुस्तकाची दहा टक्के पानं चालतात. आपल्या कायद्यात तीस सेकंदांचा असा काही नियम नाही. बऱ्याचदा या गोष्टी अमेरिकेतल्या माहितीवरून आलेल्या असतात. तिथला कायदा वेगळा आहे, चार कसोट्या लावून वापर रास्त की नाही ते ठरवतात. आपल्याकडे कलम ५२ मध्ये कामं नेमून दिलेली आहेत. तुमचं काम त्या यादीत बसतं का, हे बघायचं.

आता गॅदरिंग. त्याच यादीत शाळेच्या कार्यक्रमाचंही पोटकलम आहे. शाळेच्या कामाचा भाग म्हणून शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी नाटक केलं, गाणं म्हटलं, रेकॉर्ड लावून त्यावर नाच केला, आणि समोर बसलेले लोक म्हणजे शाळेतले शिक्षक, मुलं, त्यांचे आईबाप-पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसं असतील, तर परवानगी लागत नाही. आमच्या त्या मुलींचा कोळी नाच यात चोख बसतो. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य पहिल्या ओळीत बसले तरी बसतो, ते शाळेशी जोडलेलेच आहेत.

मग आदल्या वर्षी संदेश का आला? तर नाचामुळे नाही आला. व्हिडिओ नेटवर टाकल्यामुळे आला. अंगणातला कार्यक्रम आईबापांसाठी होता, नेटवर तो सगळ्या जगासाठी झाला. फाटक शाळेच्या अंगणापुरतं उघडं आहे, ते बाजारापर्यंत उघडं नाही. तसंच शाळेने मंडप घालून, तिकीट लावून, पंचक्रोशीला बोलावून तोच कार्यक्रम केला, तर तोही अंगणातला राहिला नाही. तेव्हा गाण्याच्या हक्कदारांकडून परवाना काढावा लागतो.

हे मी मुख्याध्यापकांना कागद दाखवून सांगितलं. ते शहाणे गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, ‘पण एखाद्या पालकाने मोबाइलवर शूटिंग केलं तर?’ आपल्या पोरीचा नाच आई घरात बघायला टिपणार, त्याला कोण नाही म्हणेल? पण शाळेच्या नावाने चॅनलवर टाकायचा असेल, तर मग गाणं निवडतानाच विचार करायचा. आणि निवडायला आपल्याकडे काय कमी आहे?

आता मी मघाशी म्हटलेली मुदत सांगते. लेखक, कवी, चित्रकार, संगीतकार जिवंत असेपर्यंत आणि तो गेल्यानंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षं हक्क राहतो. ही आधी पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या लेखनाची पन्नास वर्षं १९९१ च्या शेवटी भरत होती. तेव्हा कायदा बदलून सगळ्यांनाच दहा वर्षं वाढवून दिली. साठ वर्षं भरली की ते लेखन सगळ्यांचं होतं. कुणालाही छापता येतं, गाता येतं, त्यावर नाच बसवता येतो, नेटवर टाकता येतो.

मग हिशेब करू या. आपल्याला वहीतला हिशेब येतो तसाच हा. ज्ञानोबा-तुकारामांचे अभंग, जनाबाई, मुक्ताबाई, बहिणाबाई शिऊरकर यांना मुदत कसली, ते केव्हाचे सगळ्यांचे आहेत. सावित्रीबाई फुले १८९७ साली गेल्या, त्यांच्या कविता मोकळ्या. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून मोकळं. त्याचं नाटुकलं करून पंचक्रोशीला दाखवा, कुणी अडवणार नाही. पण नव्या आवृत्तीत एखाद्या हयात चित्रकाराने चित्रं काढली असतील, तर ती चित्रं त्याची. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी त्यांच्या पाठीमागे, १९५२ साली पुस्तकात आली. गेल्यानंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची साठ वर्षं छापल्यापासून मोजतात, तेव्हा २०१२ सालच्या शेवटी ती मुदत संपली. त्या माउलीला लिहिता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर ती गाणी सुचली, मुलाने आणि नात्यातल्या माणसाने ती उतरून घेतली म्हणून राहिली. आज शाळेने तिची गाणी घेतली तर शब्दांसाठी कुणाला विचारायची गरज नाही. मात्र एखाद्या गायिकेने नव्या चालीवर म्हटलेली रेकॉर्ड लावायची म्हटली, तर ती चाल आणि ती रेकॉर्ड वेगळी. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, रेकॉर्ड तिसऱ्याची, असे तीन थर असतात. मुलींनी स्वतः, आपल्या गावच्या चालीत म्हटलं की दोन थर गळून जातात.

दुसरीकडे ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या शेवटपर्यंत आहे. गीतरामायणाला चाली लावणारे सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चालींचा हक्क २०६२ पर्यंत. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांचा २०६४ पर्यंत. याचा अर्थ शाळेत गीतरामायण म्हणायचं नाही असा मुळीच नाही. शाळेच्या अंगणात म्हणा, जयंतीला वामनदादा शिकवा, वर्गात फळ्यावर पूर्ण गाणं लिहा. फक्त पुस्तिका छापून विकू नका आणि रेकॉर्ड उचलून चॅनलवर लावू नका.

आपल्या गटांच्या कामाचीही एक-दोन पोटकलमं याच यादीत आहेत, ती पटकन सांगते. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर नाटक किंवा गाणं सादर केलं तर परवानगी लागत नाही. आठ मार्चला आपण पथनाट्य करतो, पैसे घेत नाही, ते यात आलं. लग्नातली, वरातीतली गाणी चालतात. शासनाचा किंवा ग्रामपंचायतीचा अधिकृत समारंभ असेल, तर तिथलीही चालतात.

अंगणवाडीच्या भिंतीबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. तिथे रंगारी येतो आणि टीव्हीवरचा छोटा भीम काढून जातो. भिंतीवरचं चित्र हा काही धडा नव्हे, ती सजावट आहे, आणि शिक्षकाची सूट तिथे ताणून लावू नये असं मला वाटतं. कायद्याचं जाऊ द्या. आपल्या गावात भिंती सारवून त्यावर बोटांनी चित्रं काढणाऱ्या बायका आहेत, आणि रंगकामाचे पैसे मात्र परगावच्या रंगाऱ्याला जातात.

आणि इथून पुढे मला जे बोलायचं आहे, ते आजचं खरं बोलणं आहे. कारण आत्तापर्यंत आपण दुसऱ्याच्या शेतातून वाट किती, एवढंच बघत होतो. आपलंही शेत आहे, हे आपण विसरतो.

आमच्याच एका गटातली ताई, सातवी शिकलेली, चित्र फार सुंदर काढते. बैलपोळ्याचं, विहिरीवरचं, कापूस वेचणाऱ्या बायांचं. शाळेतल्या सरांनी तिला शनिवारी मुलांसमोर चित्र काढायला बोलावलं. तिने मोठ्या कार्डशीटवर काढलं, मुलांनी बघून काढलं, सरांनी फोटो घेतला आणि कौतुकाने दहा ठिकाणी पाठवला. चार महिन्यांनी ते चित्र बाजाराच्या गावात एका दुकानात दिवाळीच्या भेटकार्डावर दिसलं. कार्ड दहा रुपयाला. खाली दुकानाचं नाव, ताईचं नाव नाही. ती मला म्हणाली, ‘जाऊ द्या मॅडम, आपण काय चित्रकार आहोत का?’

चित्र काढलं की चित्रकार. कायद्याला पदवी लागत नाही. सरांनी ते चित्र वर्गात वापरलं त्यात काही गैर नाही, ते शिकवणंच होतं. पण फोटो बाहेर गेला आणि दुकानदाराने त्यावर पैसे कमावले, तिथे ताईचा हक्क मोडला. दुकानात आम्ही पाच जणी गेलो. दुकानदार म्हणाला, ‘नेटवर पडलेलं होतं, त्यावर नाव नव्हतं.’ नाव नसलं म्हणजे मालक नाही, असं कुठे असतं? रस्त्यात शेळी दिसली आणि तिच्या गळ्यात पाटी नाही, म्हणून ती घरी न्यायची का? ताईकडे मूळ कार्डशीट होतं, सरांच्या मोबाइलमध्ये तारखेसहित फोटो होता. विधी सेवेच्या वकीलताईंनी नोटीस लिहून दिली. दुकानदाराने उरलेली कार्डं काढून घेतली आणि काही पैसे दिले. पूर्ण हिशेब अजून दिलेला नाही, ते चालू आहे. किती कार्डं विकली ते तो सांगत नाही.

ताईला पैशापेक्षा नावाचं जास्त लागलं होतं. आणि नावाचा हक्क कायद्यात वेगळा लिहिलेला आहे, कलम ५७. चित्र विकलं, हक्क विकला, तरी ‘हे मी केलं’ म्हणण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो. तिची बदनामी होईल अशी त्या चित्राची मोडतोड करायचा अधिकारही कुणाला नाही. अमरनाथ सहगल नावाचे शिल्पकार होते. त्यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं मोठं भित्तिशिल्प केलं होतं, सरकारच्या सांगण्यावरून, सरकारच्या पैशाने. १९७९ साली सरकारने ते भिंतीवरून उतरवलं आणि गोदामात टाकलं. तिथे त्याची नासधूस झाली. पैसे दिले होते, म्हणजे वस्तू सरकारची, मग तक्रार कसली? पण सहगल कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की उरलेलं शिल्प त्यांना परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. वयाने थकलेल्या माणसाने सरकारशी लढून हे मिळवलं. त्या ताईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने दोनदा विचारलं, ‘पैसे घेऊनसुद्धा?’ हो, पैसे घेऊनसुद्धा.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गात दाखवा, मुलांना काढायला लावा, पण चित्र कुणाचं ते फळ्यावर लिहा. चित्रकार मोठा असो की गावातली बाई असो. मुलांना लहानपणी हीच सवय लागली पाहिजे. वारली चित्रं शिकवताना तर नक्कीच. डहाणू-पालघरकडच्या वारली बायका लग्नात भिंतीवर चौक काढायच्या, तिथून ती कला आली. ती साऱ्या समाजाची आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. शाळेत मुलांनी त्रिकोण-गोल जोडून माणसं काढावीत, त्याला कुणाची ना नाही. पण जिव्या सोमा मशे यांनी काढलेलं एखादं चित्र जसंच्या तसं पिशवीवर छापून विकायचं म्हटलं, तर ते त्यांचं स्वतःचं चित्र आहे. ते २०१८ साली गेले, म्हणजे २०७८ च्या शेवटपर्यंत त्या चित्राला मालक आहे. पिशव्या शिवणाऱ्या गटांनी हे लक्षात ठेवा. पिशवी-कापडावरचं आपलं स्वतःचं डिझाइन कारखान्यातून छापून घ्यायचं असेल, तर आधी डिझाइनच्या नोंदणीची चौकशी करा. त्याचा कायदा निराळा आहे. नोंदणी न करता पन्नासाच्या वर छापलं, तर कॉपीराइटचं संरक्षण जातं.

मुलांच्या चित्रांचंही तसंच. मुलाने काढलेलं चित्र मुलाचं. शाळेने भिंतीवर लावावं, प्रदर्शन भरवावं. पण एखादी कंपनी किंवा संस्था कॅलेंडर छापायला चित्रं मागते, तेव्हा पालकांना विचारून, लेखी घेऊन, चित्राखाली नाव घालून द्यावं.

लेखी कागदाविषयी नीट ऐका. कुणी व्यापारी तुमचं चित्र, गाणं, गोधडीचा नमुना घ्यायला आला आणि कागद पुढे केला, तर सही करू नका, आधी वाचा, वाचून घ्या. हक्क देणं तोंडी होत नाही, सहीच्या कागदावरच होतं. त्या कागदात कोणतं काम, कोणता हक्क, किती वर्षं, कुठल्या भागात आणि मोबदला किती, हे सगळं लिहिलेलं पाहिजे. वर्षं लिहिली नसतील तर कायदा पाच वर्षं धरतो. भाग लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमचे सर्व हक्क’ असे शब्द दिसले तर तो कागद घेऊन थेट वकीलताईंकडे जा. आपण कर्जाच्या कागदावर आता डोळे झाकून अंगठा देत नाही ना, मग इथे का द्यायचा?

आता आजींच्या ओव्यांकडे येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या करताना गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव हे टिपून ठेवलं. मला त्या कामातलं हे सगळ्यात मोठं वाटतं. ओवी कुणी रचली ते कुणालाच माहीत नसतं, ती आईकडून लेकीकडे आली. तिच्यावर कुणाची मालकी नाही, हादग्याच्या, भोंडल्याच्या गाण्यांसारखीच ती सगळ्यांची. पण ज्या बाईने ती गायली, तिच्या आवाजावर तिचा हक्क आहे. कायद्यात त्याला सादरकर्त्याचा हक्क म्हणतात, तो पन्नास वर्षं राहतो. आपल्या परवानगीशिवाय कुणी आवाज ध्वनिमुद्रित करू नये, करून विकू नये, नेटवर टाकू नये, असं ती म्हणू शकते. इथेही शिक्षकाला सूट आहे. खरोखर शिकवण्यासाठी किंवा अभ्यासासाठी केलेलं ध्वनिमुद्रण चालतं.

आमच्याकडे सहावीच्या बाई मुलांना प्रकल्प देणार आहेत, घरातल्या आजीच्या पाच ओव्या मोबाइलवर घ्यायच्या आणि वर्गात ऐकवायच्या. मला तो प्रकल्प फार आवडला. वर्गापुरतं कुणालाच काही विचारायला नको, तरी बाई विचारणार आहेत, हे त्यांचं चांगलं. पुढे हे रेडिओवर लावायचं ठरलं तर एक साधा कागद आम्ही तयार केला आहे. त्यावर पाचच ओळी आहेत. आजीचं नाव आणि गाव. किती ओव्या. कुठे ऐकवणार. विकणार नाही. कधीही ‘बंद करा’ म्हटलं तर बंद करू. शेवटी सही किंवा अंगठा, आणि एक प्रत आजीकडे. वाचता येत नसेल तर नातवाने वाचून दाखवायची.

एका आजीला मी तो वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, ‘माझ्या सासूचं नाव घालता येईल का? तिनं शिकवल्या.’ आम्ही आता कागदात ‘कुणाकडून शिकल्या’ अशी सहावी ओळ घातली आहे.

ज्या गावांत गॅदरिंग जवळ आलं आहे आणि शाळा घाबरली आहे, तिथल्या गटांनी आपापल्या सहयोगिनीकडून कलम ५२ ची मराठीतली एक पानी माहिती घ्या आणि मुख्याध्यापकांना नेऊन द्या. भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. ज्या बायका चित्रं काढतात, भरतकामाचे नमुने काढतात, त्यांनी येत्या गुरुवारच्या बैठकीला आपलं मूळ काम घेऊन या. प्रत्येकीच्या कामाच्या मागे नाव, गाव आणि तारीख लिहू, फोटो काढू आणि गटाच्या वहीत नोंद करू. ओव्यांचा कागदही तिथेच मिळेल. बैठक दुपारी दोन वाजता, ग्रामपंचायतीच्या सभागृहात.